विजेबरोबर जागी होणारी पेटी

तिला सगळे पक्कड म्हणायचे. तयार कपड्यांच्या कारखान्यात तीनशे शिलाई मशिनं होती आणि ती दुरुस्त करणारी ही एकटी बाई. खिशात पक्कड, कमरेला तेलाची बाटली, तोंडात उत्तर तयार. शाळा सातवीत सुटली. बरंच झालं, ती म्हणायची, आपल्याला काय काय जमणार नाही हे सांगायला पुढे कुणी भेटलंच नाही.

कारखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर मागे एक जिना होता, आग लागली तर बाहेर पडायचा. त्याच्या दाराला मालकाने आरपार साखळी घातली होती, आतूनही दिसेल अशी. का, तर बाया त्या वाटेने कपडे पळवतील. एका दुपारी इस्त्रीच्या भागात वायर जळून धूर झाला. आग नव्हती, पण धूर बघून माणूस चौकशी करत बसत नाही. एकशे ऐंशी बाया त्या दाराशी एकमेकींवर चेंगरल्या. पक्कड लोखंड कापायची कातर घेऊन बाहेरच्या बाजूने जिना चढली, साखळी तोडली, दार बाहेर ओढलं. त्या दिवशी कुणी मेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढलं, कंपनीच्या मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून. आणि दाराला नवी साखळी आली, आधीपेक्षा जाड.

सरकारी तपासणी व्हायची, नाही कोण म्हणतो? पण साहेब येणार याची वर्दी आठवडाभर आधी लागायची. त्या सकाळी साखळी गायब, बिजागरीला तेल, जिन्यावर चक्क फुलांची कुंडी. साहेब खूश होऊन गेले की संध्याकाळी साखळी जागेवर. पक्कडच्या डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं. साखळी तोडून भागणार नाही, ती रोजच्या रोज, तारखेसकट, कागदावर दिसली पाहिजे. फोटो फक्त आतल्या बायाच काढू शकत होत्या, आणि जी काढेल तिची नोकरी जाणार हे शेंबडं पोरही सांगेल.

युनियनची खोली छापखान्याच्या वर होती. एक टेबल, तीन खुर्च्या, त्यातली एक बसेल त्याला पाडणारी, आणि कुणीतरी टाकून दिलेला एक कॉम्प्युटर. पक्कडने तो उघडला, धूळ झटकली, बंद पडलेला पंखा बदलला आणि म्हणाली, "मशिन ते मशिन. ह्यात तेल घालायचं नाही एवढंच." दोन वर्षं ती त्याच्यासमोर बसली. फुकट मिळणारी पुस्तकं वाचली, अनोळखी लोकांना प्रश्न विचारले, त्यातल्या निम्म्यांशी भांडली. शेवटी दुसऱ्यांनी लिहिलेलं, फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर घेऊन तिने त्यावर एक पेटी उभी केली. बायांनी आपल्या फोनवरून फोटो टाकायचा, तो पेटीत पडायचा, आणि तो कुणी टाकला हे कारखान्याच्या इंटरनेटवर नजर ठेवणाऱ्याला कळणार नाही, टेलिफोन कंपनीला नाही, खुद्द पक्कडलाही नाही.

घरी सासूबाई होत्या. जन्मभर लाँड्रीत इस्त्री केलेली बाई, हात भाजलेले आणि जीभ त्याहून गरम.

"नक्की करतं काय हे तुझं सॉफ्टवेअर?" त्यांनी विचारलं.

"निरोप थेट जात नाही, आई. तीन लांबच्या कॉम्प्युटरांच्या हातांतून जातो. प्रत्येकाला फक्त आपल्या आधीचा आणि आपल्या नंतरचा ठाऊक. पहिल्या टोकाला कोण आणि शेवटच्या टोकाला कोण, हे दोन्ही कुणालाच ठाऊक नसतं."

सासूबाईंनी विचार केला. "म्हणजे चहाडीच्या उलट. चहाडीत बातमी बदलते आणि कोण बोललं ते गावभर होतं. ह्यात बातमी तशीच राहते आणि कोण बोललं ते कुणाला कळत नाही."

पक्कडने पुढे सात ठिकाणी हे सॉफ्टवेअर समजावून सांगितलं. ह्यापेक्षा सोपं तिला कधी जमलं नाही.

अडचण एकच होती. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी चोख लिहिलं होतं, पण ते चालू करायचं म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसून एक लांबलचक ओळ टाईप करायची. वीज गेली आणि आली की कॉम्प्युटर आपला आपण उठायचा, पेटी मात्र झोपलेलीच. मग युनियनच्या सेक्रेटरीने ती ओळ टाईप करायची. सेक्रेटरी माणूस देवासारखा. देवासारखाच वेळेला न सापडणारा. एका शुक्रवारी वीज गेली, तासाभरात आली, आणि सोमवारपर्यंत कुणी खोलीत फिरकलं नाही.

नेमकं शनिवारी पक्कडच्या धाकट्या बहिणीने साखळीचा फोटो काढला. ही धाकटी त्याच कारखान्यात कॉलर शिवायची. तिने पेटीत फोटो टाकायचा चार वेळा प्रयत्न केला. पेटी बंद. शेवटी कंटाळून कारखान्याच्याच इंटरनेटवरून, साध्या मेलने, युनियनच्या पत्त्यावर पाठवला. सोमवारी सुपरवायझरने तोच फोटो छापून तिच्या मशिनवर ठेवला. सोबत शेवटच्या ताकिदीचं पत्र. आणि कॉलरवरून काढून बटणांच्या विभागात टाकलं, दिवसभर उभं राहायचं काम.

संध्याकाळी धाकटी पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. पक्कड तिच्यासमोर उभी.

"चार वेळा जमलं नाही तर थांबायचं होतंस."

"थांबले होते ना. तुझी पेटी तीन दिवस थांबली, मी दोन तास थांबले." धाकटीने वर बघितलंही नाही. "ताई, पेटी चालू आहे का हे बघायला माणूस लागत असेल, तर ती पेटी नाही. तो माणूसच आहे. आणि माणसं विसरतात."

पक्कडच्या नाकावर राग कायम बसलेला असायचा, पण ह्या वेळी तो कुणावर काढायचा ते तिला कळेना. बहीण बोलली ते खरं होतं.

पुढच्या सकाळी ती कामाला लागली. पेटीचं पॅकेज बांधायचं. म्हणजे सॉफ्टवेअर, त्याच्या सेटिंग्ज आणि बसवण्याच्या सूचना असं सगळं एका गाठोड्यात. एक हुकूम दिला की गाठोडं आपोआप सुटेल, पेटी कॉम्प्युटरच्या आतच सर्व्हिस म्हणून बसेल, घड्याळ किंवा नेटवर्क बसलेलं असतं तशी, आणि कॉम्प्युटर उठला की उठेल. कुणी लॉगिन करो न करो. शिवाय दुसऱ्या सहा शहरांतल्या युनियननी पेटी मागितली होती. त्यांच्याकडे कॉम्प्युटर होते, पक्कड नव्हती. तपासणीची मोठी फेरी दोन महिन्यांवर आली होती. तोवर सातही पेट्या कुणाच्या भरवशावर न राहता चालल्या, तर साखळ्या कागदावर येणार होत्या. नाहीतर पुढची धाकटी कोण, एवढाच प्रश्न उरत होता.

पहिलं पॅकेज तीन आठवड्यांत झालं. वीज गेली, आली, पेटी उठली. पक्कडने छाती फुगवली, आपल्या आणि दुसऱ्या तीन शहरांतल्या युनियनच्या खोल्यांत ते बसवलं, आणि ज्या सार्वजनिक भांडारातून सगळे सॉफ्टवेअर घेतात तिथे पाठवून दिलं. तिथे पॅकेज तपासणारा एक माणूस होता. कधी दिसला नाही, बोलला ते लिहूनच. तिने त्याचं नाव मास्तर ठेवलं.

मास्तरांनी एकोणीस चुका काढल्या. पहिलीच: "तुमची सर्व्हिस कॉम्प्युटरच्या सर्वाधिकारी खात्यावर चालते. उद्या कुणी ह्या पेटीत घुसला तर सगळं घर त्याचं. तिला स्वतंत्र खातं द्या, ज्याला पेटीच्या फोल्डरखेरीज कशालाच हात लावता येणार नाही. आणि नोंदी कशाला ठेवता? कोण केव्हा आलं हे लिहून ठेवायचं, तर लपवलं काय?"

पक्कड भडकली. तिने उत्तर लिहिलं: "मालकाने आगीच्या जिन्याला साखळी घातलेल्या कारखान्यातल्या गरीब बायांसाठी हे काम आहे. वेळ कमी आहे. तुमचे बारीकसारीक नियम पाळायला इथे पगारी माणसं नाहीत."

मास्तरांचं उत्तर दोन ओळींचं आलं. "गरिबांसाठी आहे म्हणून कच्चं चालेल, असं त्या जिन्याच्या मालकालाही वाटत असावं. उरलेल्या अठरा चुका खाली आहेत."

तिने खुर्ची मागे ढकलली. तीच, पाडणारी. ती पडली, पक्कड उभीच होती. छापखान्यासमोरचा रस्ता ती तीनदा वरखाली चालली, एका सायकलवाल्याला विनाकारण झापलं, आणि परत येऊन पहिल्या चुकीपासून सुरुवात केली. एखाद्याचं तोंड बंद करायचं असेल तर काम चोख करायचं. दुसरा रस्ता तिला ठाऊक नव्हता.

तोवर बायांनी आपलं काम केलं होतं. पेटीचा पत्ता म्हणजे छप्पन्न अक्षरांची माळ, ना शब्द ना अर्थ. पाठ होणं अशक्य. फोनमध्ये लिहून ठेवावा तर फोन कारखान्यात कधीही तपासतात. तेव्हा मापाच्या पट्ट्या शिवणाऱ्या बाईने, तिला सगळ्या लेबलवाली म्हणत, पत्ता मशिनवर घातला आणि एकशे ऐंशी पट्ट्या काढल्या. प्रत्येकीने आपल्या एप्रनच्या आतून एक टाचली. सुपरवायझरने एक हातात घेऊन विचारलंच, "हे काय?"

"धुलाईच्या सूचना, साहेब," लेबलवाली म्हणाली. "परदेशी भाषेत."

साहेबांनी समजल्यासारखी मान हलवली.

दुसरं पॅकेज तयार झालं. स्वतंत्र खातं, कुलूपबंद फोल्डर, नोंदी नाहीत. तपासणीला बारा दिवस उरले होते. पक्कडने ते आधी आपल्या खोलीत, जुन्याच्या जागी चढवलं. सर्व्हिस चालू, सगळं हिरवं. ती डबा उघडून जेवायला बसली.

पहिला घास तोंडात आणि धाकटीचा फोन. जेवणाची सुट्टी होती.

"ताई, पेटी सापडत नाही."

"चालू आहे. समोर बघतेय मी."

"तुझ्या समोर असेल. आमच्या पट्टीवरच्या पत्त्यावर नाही."

पक्कडने पत्ता काढून बघितला. छप्पन्न अक्षरं होती. पण ती नव्हती.

काय झालं ते कळायला तिला अर्धा तास लागला. पॅकेजच्या पोटात चार छोट्या चिठ्ठ्या असतात: बसवण्याआधी काय करायचं, बसवल्यावर काय, काढण्याआधी काय, काढल्यावर काय. पक्कड नीटनेटकी बाई. शेवटच्या चिठ्ठीत तिने लिहिलं होतं, जाताना सगळा पसारा उचल, फोल्डर पूस. मशिन दुरुस्त करून झाल्यावर टेबल पुसते तसं. पण नवं पॅकेज जुन्याच्या जागी बसतं तेव्हाही कॉम्प्युटर जुन्याची शेवटची चिठ्ठी वाचतो. वाचताना एक शब्द सोबत देतो, कायमचं जातंय की नुसतं नवं येतंय. तिने तो शब्द बघितलाच नव्हता. तिच्या चिठ्ठीने दोन्ही वेळा फोल्डर पुसलं. त्याच फोल्डरात पेटीची गुप्त किल्ली होती, आणि पत्ता त्या किल्लीतूनच जन्मतो. किल्ली गेली, पत्ता गेला. नव्या किल्लीतून नवा पत्ता. जुनी किल्ली दुसरीकडे कुठेच ठेवलेली नव्हती, कारण ती कुणाच्या हाती लागू नये म्हणून तिने स्वतःच तशी खबरदारी घेतली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आधी तिने तिन्ही खोल्यांना फोन केले. "नवं काही चढवू नका. हात लावू नका. का ते मग सांगते." मग मास्तरांना लिहिलं. सबब एक नाही, जे झालं ते सरळ.

मास्तरांनी ह्या वेळी लांब लिहिलं. "तुमचा पत्ता परत येणार नाही. पण त्या तीन खोल्यांचा वाचवता येईल. चुकीची चिठ्ठी त्यांच्याकडे आधीच बसलेली आहे, ती आता तुम्ही दुरुस्त करू शकत नाही. मात्र नव्या पॅकेजची पहिली चिठ्ठी तिच्या आधी वाचली जाते. त्या पहिल्या चिठ्ठीत किल्ली उचलून बाजूला ठेवा. जुनीला पुसू दे काय पुसायचं ते. मग बसवल्यावरच्या चिठ्ठीत किल्ली परत जागेवर." आणि शेवटी: "ही चूक मीही केली होती. माझ्यामुळे चारशे लोकांचे पत्ते गेले. कुणाला सांगितलं नव्हतं."

पक्कडने ते दोनदा वाचलं. कुणाला सांगितलं नव्हतं. तिने चपला घातल्या आणि सरळ कारखान्याच्या फाटकाशी गेली. आत जायला तिला बंदी होती, म्हणून सुट्टी होईपर्यंत समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिली. बाया बाहेर पडल्या तशी ती कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर चढली.

"पट्ट्या वाया गेल्या. सगळ्या. चूक माझी. सेक्रेटरीची नाही, विजेची नाही, माझी. नवा पत्ता आणलाय."

धाकटीच्या नव्या विभागातल्या बटणवाल्या बाईने कपाळावर हात मारला. पक्कड वाट बघत राहिली. शिव्या खायची तिची तयारी होती, आणि ही तयारी तिच्यासाठी सोपी नव्हती.

लेबलवाली पुढे आली, तिच्या हातातला कागद घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं. "उसवायचं आणि शिवायचं. आपण दुसरं करतो काय दिवसभर? पण ए पक्कड, आता हा पत्ता हलला ना, तर पट्टी मी तुझ्या कपाळावर शिवीन."

दोन दिवसांत एकशे ऐंशी एप्रन उसवून परत शिवले गेले. सुपरवायझरने पुन्हा विचारलं. धुलाईच्या सूचना बदलल्या, साहेब.

पक्कडने मास्तरांनी सांगितलं तसं तिसरं पॅकेज बांधलं, घरात दोन जुने कॉम्प्युटर मांडले आणि सासूबाईंना प्लगजवळ बसवलं. एकावर पहिलं पॅकेज चढव, मग तिसरं, पत्ता जुळव. पूस. दुसरं चढव, मग तिसरं, पत्ता जुळव. मधेच ओरडायची, "ओढा!" आणि सासूबाई प्लग खेचायच्या.

"परत ओढू?"

"लावा आधी, आई."

"आयुष्यभर सांगितलं, प्लग वायर धरून ओढू नये. आणि सून पगाराशिवाय ओढायला लावते." पण बाराव्या वेळी, बसवणं चालू असताना मधेच, सांगितल्याशिवाय त्यांनी प्लग खेचला. पक्कड किंचाळली.

"अगं, वीज काय तुला विचारून जाते?"

त्या एका ओढीत पॅकेजचा आणखी एक दोष सापडला. किल्ली बाजूला ठेवलेली आणि वीज गेली, तर पुढच्या वेळी ती परत जागेवर येत नव्हती. पक्कड दुपारभर त्यावर बसली. मग तिने स्वतःहून म्हटलं, "आई, मधेच ओढा. मला सांगू नका." चाळीस वेळा. चाळीसही वेळा पत्ता तोच.

मास्तरांनी तिसरं पॅकेज तपासलं. चूक एक, ती स्वल्पविरामाची. तपासणीला आठ दिवस असताना ते भांडारात आलं. आपल्या आणि त्या तिन्ही खोल्यांत ते चढलं, पत्ते हलले नाहीत. उरलेल्या तीन शहरांत युनियनच्या कारकुनांनी एकेक हुकूम देऊन ते बसवलं. एकाने फोन करून विचारलं, "एवढंच? मी चहा ठेवून आलो होतो, वेळ लागेल म्हणून." त्या आठवड्यात वीज तीनदा गेली. छापखान्यावरच्या खोलीत कुणी गेलं नाही. जायची गरजच पडली नाही.

तपासणीच्या सकाळी साखळी गायब होती, कुंडी होती. साहेबांसमोर सेक्रेटरीने एकेचाळीस फोटो ठेवले. सात दिवसांचे. प्रत्येकात साखळी, आणि प्रत्येकात शेजारच्या भिंतीवरची, सुपरवायझर स्वतःच्या हाताने रोज लिहायचा ती उत्पादनाच्या आकड्यांची पाटी, तारखेसकट.

पुढच्या आठवड्यात कामगार कार्यालयात सुनावणी झाली. कंपनीच्या वकिलाने धाकटीचं जुनं ताकिदीचं पत्र काढलं. "फोटो हिनेच काढले. ही सवयीची आहे. युनियनची ही तंत्रज्ञ तिची सख्खी बहीण."

अधिकारीबाईंनी पक्कडकडे बघितलं. "फोटो तुमच्या पेटीत आले. कुणी पाठवले?"

"माहीत नाही."

"शोधून सांगता येईल?"

"नाही. कॉम्प्युटर खाली गाडीत आणलाय, तुमचा माणूस बसवून बघा. नोंदच नाही. मी मनात आणलं तरी सांगू शकत नाही, आणि तसं व्हावं म्हणूनच दोन महिने घासलेत."

"म्हणजे कुणीही पाठवले असतील?"

"त्या मजल्यावर एकशे ऐंशी जणी आहेत. सगळ्यांना काढायचं असेल तर वकीलसाहेबांना शिवता येतं का ते विचारून घ्या."

साखळी खरी ठरली, तशी धाकटीची ताकीद रद्द झाली. कॉलरवरची जागा परत मिळाली. दारावर कुलूप किंवा साखळी घालायची नाही, आतून ढकललं की उघडेल असा दांडा बसवायचा आणि महिनाभरात सगळ्यांना जिन्याने उतरवून दाखवायचं, असा हुकूम निघाला.

तो दिवस आला तेव्हा पक्कड रस्त्याच्या पलीकडे उभी होती. घंटा वाजली. मागचं दार उघडलं आणि बाया उतरू लागल्या, काही हसत, काही एकमेकींना ढकलत. बटणवाली, लेबलवाली, धाकटी. खाली सुपरवायझर हातात घड्याळ धरून उभा. शेवटची बाई जमिनीवर आली तेव्हा पाच मिनिटं झाली होती.

"पाच," पक्कड स्वतःशी म्हणाली. "धूर पाच मिनिटं थांबतो होय?"

आणि सुपरवायझरला हे सांगायला ती रस्ता ओलांडून निघाली.